नव्या लहान तलंगा जुन्यांच्या खुराड्यात कशा मिसळायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जेलरोडला बंगल्यामागे ४ बाय ६ फुटांचा खुराडा आहे. त्यात ५ महिन्यांच्या ५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) होत्या, आता बाजारातून ९ आठवड्यांच्या आणखी ४ आणून थेट आत सोडल्यात. मोठ्या टोचतात, एकीच्या डोक्यातून रक्त आलं, बाकीच्या कोपरा सोडत नाहीत. सगळं किती दिवसांत शांत होईल?

असंच ठेवलंत तर होणार नाही. आज संध्याकाळीच त्या चौघींना वेगळं करा. जखम धुऊन तिच्यावर खोबरेल तेलात कालवलेली हळद लावा. जखम झाकली जाणं औषधाइतकंच महत्त्वाचं, कारण लाल दिसलं की कोंबडी टोचतेच. आज जी बघ्याची भूमिका घेतेय तीही उद्या टोचेल.

आता मूळ मुद्दा. लोक म्हणतात, ‘कोंबड्यांची जातच भांडकुदळ.’ मला ते पटत नाही. भांडण बहुतेक वेळा जागेचं आणि खाण्याच्या भांड्याचं असतं. खुराड्यात एका कोंबडीला साधारण ४ चौरस फूट जागा धरतात. तुमची जागा २४ चौरस फूट, म्हणजे सहा जणींची, आणि तिथे तुम्ही नऊ कोंबल्यात. कोंबड्यांत कोण वर, कोण खाली ही उतरंड असतेच. नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती नीट मांडून ठेवली आहे. खालच्या पायरीवरच्या कोंबडीला फक्त मागे हटायला जागा हवी असते. ती मिळाली तर एका टोच्यावर विषय मिटतो. नाही मिळाली तर वरची टोचतच राहते, कारण समोरची हटतच नाहीये.

म्हणून खुराड्याला लागून अंगणात जाळीचा मोकळा भाग करा. तिथे एका कोंबडीमागे ८ ते १० चौरस फूट मिळाले तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान दिवसभर परसात सोडा, आणि मुंगुसासाठी कुणीतरी लक्ष ठेवा.

बाजारातल्या कोंबड्या खरं तर आधी दोन-तीन आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांवर ठेवायच्या असतात, मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) भीतीने. तुमच्या मिसळून झाल्या आहेत, तरीही आता वेगळ्या केल्यावर तेवढे दिवस लक्ष ठेवाच. हिरवट पातळ विष्ठा, शिंका, मान वाकडी होणं यातलं काही दिसलं तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. विकणाऱ्याला मानमोडीची लस, लासोटा, दिली होती का विचारा. लसीची बाटली शे-दोनशे पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, तेव्हा आजूबाजूच्या कोंबडीवाल्यांना सोबत घेऊनच लस करा. पावसाळ्यात खाली अंथरलेलं तूस ओलं राहिलं की लहान तलंगांना रक्ती हगवण लागते. ओलं झालेलं त्याच दिवशी काढून टाका.

हा काळ निभावला की मधे जाळी घाला. अर्ध्या इंचाची वेल्डमेश चालते, बांबूला तारेने बांधली तरी पुरते. दोन्ही बाजूंची खाण्याची भांडी जाळीला लागूनच ठेवा, म्हणजे एकमेकींसमोर उभ्या राहून खातील. सुरुवातीला मोठ्यांतली एखादी मान खाली घालून, मानेची पिसं फुलवून जाळीवर धडका देईल. मग हळूहळू तिचं लक्ष दाण्याकडेच राहायला लागेल. जाळीपलीकडची हलली तरी ती मान वर करेनाशी झाली की समजा काम झालं. याला दोन आठवडे तरी द्या. तोवर लहान तलंगा १३-१४ आठवड्यांच्या होतील आणि अंगानेही भरतील. मोठ्यांच्या जवळपास अंग आल्याशिवाय घाई करू नका. वयापेक्षा आकार बघा, कारण गावरान सावकाश वाढते.

‘रात्री दांडीवर गुपचूप ठेवा, सकाळी त्यांना कळतही नाही’ हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. कळतं. कोंबड्या एकमेकींना तुऱ्या-चेहऱ्यावरून चांगल्या ओळखतात. जाळीचे आठवडे झाल्यावर रात्री ठेवलंत तर ठीक. जाळीऐवजी हा उपाय केलात तर पहाटेच गोंधळ सुरू होईल, आणि तुम्ही तेव्हा झोपलेले असाल. मी तर म्हणेन, पहिल्यांदा संध्याकाळी, सगळ्यांची पोटं भरलेली असताना, मोकळ्या अंगणात एकत्र सोडा. चौघींना एकदमच सोडा, एकेक करून नाही. एकटी सापडली की तिचे हाल होतात.

खाण्यापिण्याची भांडी किमान दोन-दोन ठेवा, तीही अशी की एका कोंबडीला दोन्हीवर पहारा देता येणार नाही. टोमॅटोचे क्रेट आपल्याकडे कुणाच्याही घरी पडलेले असतात. एक उलटा घालून बाजूच्या पट्ट्या कापा. भोक एवढंच ठेवा की लहान तलंग अंग चोरून आत शिरेल आणि मोठी अडेल. आत एक भांडं ठेवा. मोठ्या बाहेर फेऱ्या मारत बसतात, लहान आत निवांत खातात. जीव वाचवायची जागाही तीच होते.

खाद्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि तेच सगळ्यांत जास्त नडतं. मोठ्या आता अंड्यावर येतील म्हणून तुम्ही लेअर खाद्य सुरू कराल. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. वाढत्या तलंगांना एवढं झेपत नाही, मूत्रपिंडं खराब होतात. लहानींनी मोठ्यांच्या भांड्यात तोंड घालू नये म्हणून तुम्ही दिवसभर काठी घेऊन उभे राहणार नाही. तेव्हा सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य, द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावर आलेली स्वतःच तिकडे जाते. लहानी एखादा कण उचलून बघतात आणि सोडून देतात. लहानींचीही अंडी सुरू झाली की सगळ्यांना लेअरवर आणा.

एकत्र केल्यावर पाठलाग, डोक्यावर एखादी टोच, दांडीवरून खाली ढकलणं हे चालायचंच, मधे पडू नका. रक्त आलं, किंवा कुणी दिवसभर खाण्याजवळच फिरकली नाही, तर मधे पडा. तेव्हा मार खाणारीला नव्हे, मारणारीला तीन-चार दिवस बाहेर काढा. परत येते तेव्हा तिची जागा गेलेली असते आणि बराच ताठा उतरतो. दांडीवर प्रत्येकीला ८-१० इंच मिळू द्या. नाहीतर लहानी अंड्याच्या खोक्यात झोपतात, तिथेच घाण करतात, आणि पुढे अंडी बरबटलेली मिळतात. रात्री खोक्यांपुढे फळी लावा.

एक शंका राहते. तलंग म्हणून विकलेल्यांत कोंबडा निघणं काही नवीन नाही. चौघींपैकी एखादीचा तुरा आत्ताच इतरींपेक्षा मोठा आणि लालबुंद दिसत असेल, पाय जाड असतील, तर फोटो टाका, बघून सांगतो. कोंबडा वयात आला की कोंबड्यांची आपसातली मारामारी बरीच कमी करतो, पण पहाटे चारला आरवल्यावर जेलरोडचे शेजारी काय म्हणतील ते आधी विचारून घ्या.