कॅनडाचं बर्फाचं फावडं कोकणातल्या वाडीत चालेल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न असा आहे की भाऊ दिवाळीला कॅनडाहून येताना तिकडचं वाकड्या दांड्याचं बर्फ काढायचं फावडं आणि दांड्याला मधोमध लावायचं जादा हँडल आणतो म्हणतोय, तर दापोलीच्या वाडीत नारळाची आळी करायला आणि पाणंदीतला गाळ काढायला ते चालेल का, कारण काम केलं की तुमची कंबर धरते. फावडं आणू देऊ नका, हँडल आणू दे. आणि खर्च करायचाच तर इथल्याच फावड्याच्या दांड्यावर करा. आमची वाडी गुहागरकडे आहे आणि ही कामं मी स्वतः करते म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बर्फाचं फावडं चांगलं असतं, पण ते बर्फासाठी असतं. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ भयंकर हलका, एका घनमीटरला ५० ते १०० किलो, आणि आपली ओली लाल माती त्याच मापात १८०० किलोच्या आसपास भरते. आता त्या फावड्याचं पातं दीड-दोन फूट रुंद, त्यात दहा लिटर माल मावतो असं धरा, म्हणजे तिकडे एका खेपेला एक किलो उचलायचं आणि इथे तेच भरलं तर १८ किलो! पातं बहुतेक वेळा प्लॅस्टिकचं, कडेला फक्त एक धातूची पट्टी, ते जांभ्याच्या खड्यांवर किती टिकणार. आणि पातं मोठं असलं की आपण ते भरतोच, हात आपोआप भरतो, कंबर नंतर बोलते. अमेरिकेत बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यात १९०० च्या आसपास फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनिअरने हेच बघितलं होतं, की एकाच फावड्याने हलका कोळसा आणि जड खनिज उचललं तर एकदा फार कमी येतं आणि एकदा फार जास्त, मग त्याने हलक्या मालाला मोठं आणि जड मालाला लहान पातं दिलं, खेपेला साधारण २१ पौंड म्हणजे साडेनऊ किलो पडतील असं. पण ते धट्ट्याकट्ट्या मजुरांकडून दिवसाला जास्तीत जास्त माल हलवून घेण्याचं गणित होतं, दुखऱ्या कंबरेचं नव्हे. तुम्ही त्याच्या अर्ध्यावर थांबा.

तरीही भावाने आणलंच तर पातेरा ओढायला, भाताचं तूस, लाकडाचा भुसा, सुकं शेणखत असल्या हलक्या मालाला ते छान चालेल. चिखलात घालू नका.

वाकड्या दांड्याची कल्पना मात्र खरी आहे. दांडा मधे वाकवला की खालचा हात वर येतो आणि तितकं कमी वाकावं लागतं. पण आपलं फावडं ढकलून उचलायचं नसतं, आपल्याकडे ओढायचं असतं, त्यामुळे तो वाक इथे उपयोगाचा नाही. आपल्याकडे कंबर जाते ती आखूड दांड्यामुळे. बाजारात तयार फावड्याला अडीच-तीन फुटांचा दांडा लावून देतात आणि बाई असो की सहा फुटी माणूस, सगळ्यांना तोच. गाळ आणि माती ओढायच्या फावड्याला सव्वाचार-साडेचार फुटांचा दांडा घालून बघा, उभं राहून ओढता येतं, एवढा फरक पडतो की घरातले बाकीचे पण तेच फावडं मागायला लागतात. घट्ट जमीन खणायला मात्र एवढा लांब दांडा नको, तिथे घाव घालावा लागतो आणि लांब दांड्याने घाव धड बसत नाही, त्याला साडेतीन फूट पुरे. म्हणजे दोन फावडी लागतील. घ्या दोन, डॉक्टरच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडतात.

दुकानात एक गोष्ट करून बघा. सरळ उभे राहा, काम करताना धरता तसं फावडं धरा आणि पातं जमिनीला टेकवा. धार टेकली पाहिजे. धार अधांतरी आणि पात्याचा मागचा भाग टेकत असेल तर ते फावडं तुम्हाला दिवसभर वाकवणार, एकतर दुसरं बघा नाहीतर लोहाराकडून कोन बदलून घ्या, त्याला ते काम किरकोळ आहे. जाडीचं म्हणाल तर मूठ वळल्यावर अंगठा पहिल्या बोटाच्या टोकावर जेमतेम यायला हवा, बहुतेकांना साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास बसतं, बायकांना जरा बारीक. जाड दांडा आवळून धरावा लागतो आणि त्याने मनगट आणि कोपर दुखतात.

लाकूड धामणीचं मिळालं तर डोळे झाकून घ्या, चिवट असतं आणि धक्का सोसतं, हत्यारांच्या दांड्यांना ते पूर्वापार वापरतात. ऐन मजबूत पण जड. माणगा बांबू बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो, हलक्या कामाला तोही उत्तम. लाकूड कोणतंही असो, दांडा डोळ्यासमोर धरून रेषा बघा, त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हव्यात, मधेच बाजूला निघून गेल्या असतील तर तिथेच मोडणार. गाठ नको, ओलं लाकूड नको. हल्ली लोखंडी पाइप वेल्ड केलेली फावडी सगळीकडे दिसतात, मला ती अजिबात पटत नाहीत. वजन वाढतं, दगडाला लागलं की झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत येतात, आणि पावसात हातातून सटकतात. फायबरचा दांडा हलका असतो पण उन्हात राहिला की वर्षा-दोन वर्षांत त्याचे तंतू सुटून हातात टोचायला लागतात, त्यामुळे तो सावलीतच ठेवायचा.

आता निगा, कारण आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि वर ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, लोखंड आणि लाकूड दोघांचेही हाल. काम झालं की पातं धुवा, पुसा, आणि खोबरेल किंवा जुनं इंजिन ऑइल फडक्याने फिरवा. कामाच्या आधी पात्याला तेलाचा हात मारला तर चिकट माती पण कमी धरते, बर्फाच्या देशात पात्याला मेण किंवा सिलिकॉन स्प्रे मारतात तो याचसाठी. लाकडाला मात्र खोबरेल नको, ते वाळत नाही, मूठ ओशट राहते. जवसाचं तेल लावा, अगदी पातळ हात, जास्तीचं पुसून टाका आणि काही दिवस वाळू द्या. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात, पण दांड्याला कधीच नको, त्याने कातडी भाजते. फावडं मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी चढते, पडवीत खुंटीला टांगा.

दांडा ढिला झाला की आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत घरोघरी आहे. त्या दिवसापुरतं घट्ट होतं, पण फुगलेलं लाकूड लोखंडात दाबलं जातं आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा जास्त ढिलं पडतं. खिळे ठोकणं त्याहून वाईट, लाकूड तिथेच फाटतं. दांडा काढा, टोक नीट तासा, सुक्या लाकडाची पाचर मारा. हे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात करा, लाकूड तेव्हाच आकसतं आणि खरं माप तेव्हाच कळतं. आगोटीला परत एकदा हलवून बघा, पातं निसटून पायावर आलं तर फार वाईट लागतं.

गाळाचं एक सांगते, पाऊस उघडल्याबरोबर तुटून पडू नका. आधी एक चर मारून पाणी जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी काढा, तोच गाळ कितीतरी हलका लागतो. घमेलं जमिनीवर न ठेवता चिऱ्यावर ठेवा आणि अर्धंच भरा. माती बाजूला टाकताना कंबरेतून वळू नका, पाय फिरवा. कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल तर मात्र फावडं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरकडे जा.

भावाच्या त्या जादा हँडलचं राहिलं. ओढायच्या फावड्याला त्याचा काही उपयोग नाही, ते लावायचं लांब दांड्याच्या बेलच्याला, ज्याने आपण रेती किंवा खत उचलून टाकतो. खालचा हात जिथे धरता तिथे ते बसवलं की हात वर राहतो आणि पाठ कमी वाकते, म्हणजे वाकड्या दांड्याचा फायदा आपल्याच अवजारात मिळतो. फक्त त्याचा क्लॅम्प किती जाडीच्या दांड्याला बसतो ते आधी विचारा. तुमच्या बेलच्याचा दांडा दोरीने मोजा, दोरीची लांबी ३.१४ ने भागा आणि तो आकडा भावाला कळवा, म्हणजे तो तिकडे बघूनच घेईल.