रेपो उतरला तरी हप्ता उतरवू नकोस

अनेक आशीर्वाद.

व्याजदर आणखी खाली येतील का, तोवर घर घ्यायचं थांबवू का, असं तू विचारलं आहेस. दरासाठी थांबू नकोस. मे २०२२ मध्ये वेळापत्रकाबाहेरची बैठक घेऊन रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, ४ वरून ४.४० टक्के केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० झाला, दोन वर्षं तिथेच राहिला आणि २०२५ या एका वर्षात ५.२५ वर आला. तुझं कर्ज वीस वर्षांचं. तेवढ्या काळात असे चढउतार कितीतरी होतील.

त्यापेक्षा हप्त्याचा हिशोब नीट समजून घे. समजा ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० निव्वळ व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम ४,७८५. सुरुवातीलाच दर साडेसातवर आला, तर हप्ता २४,१६८ होऊ शकतो. महिन्याला जवळपास एकोणीसशे रुपये सुटतात म्हणून मोह होईल. पण जुनाच हप्ता चालू ठेवलास, तर कर्ज सुमारे १७ वर्षांत फिटतं आणि व्याजाचे जवळपास पावणेपाच लाख वाचतात!

दर चढताना उलटं होतं. अनेकदा हप्ता तोच राहायचा, मुदत गुपचूप लांबायची. कित्येकांना हे फार उशिरा कळलं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तू हप्ता वाढवायला सांग, आणि लेखी सांग.

कर्ज शक्यतो बँकेचंच घे. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात, निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन नाही. रेपोवर बँकेने किती स्प्रेड, म्हणजे वरचा टक्का, लावलाय, तेही वाच.

आणखी एक, आईबाबांच्या मुदत ठेवींचं. ज्या कपातीने तुझं कर्ज स्वस्त होतं, तिनेच त्यांचं व्याज घटतं. त्यांच्या घरखर्चाचा आधारच ते आहे. डाऊन पेमेंटसाठी त्या ठेवी मोडायला लावू नकोस. कमी पडत असेल तर घर थोडं लहान बघ.

मंजुरीपत्र आलं की सही करण्याआधी मला पाठव. दोघं बसून वाचू.