'ही', 'शी', 'दे' असताना इंग्रजीत क्रियापद आणि विशेषण कसं बदलायचं? मुलीसाठी वेगळं रूप असतं का?

नसतं. विशेषणाचं तर काम एका ओळीत उरकतं: ते बदलतच नाही. मराठीत उंच तसंच राहतं, पण मोठा भाऊ, मोठी बहीण, मोठं घर असं होतं; इंग्रजीत तिघांनाही 'बिग'च.

क्रियापदाचं जरा सांगावं लागेल. मी बडोद्याला दांडिया बाजारात घरी शिकवणी घेते. इथली मुलं घरात मराठी आणि गल्लीत गुजराती बोलतात, त्याचा फार फायदा होतो. मराठीत 'मी जातो', 'मी जाते' यावरून बोलणारा कोण ते लगेच कळतं. गुजरातीत मात्र 'हुं जाउं छुं' मुलगाही म्हणतो आणि मुलगीही. 'आय गो'चं तेच आहे. 'ही गोज', 'शी गोज' यातही मुलगा-मुलगी कळते ती 'ही' आणि 'शी'वरून, क्रियापदावरून नाही.

खरा घोळ त्या शेवटच्या एसचा. परवा सातवीतल्या एकाने वहीत 'दे प्लेज' लिहिलं. का रे, म्हटलं. "काकू, दे म्हणजे पुष्कळ जण ना? मग एस लावला." तर्क चोख! पण नामाला एस लागला की बहुधा अनेकवचन, आणि साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागला की एकवचन, तेही फक्त 'ही', 'शी', 'इट' किंवा त्यांच्या जागी येणाऱ्या एकवचनी नामाबरोबर. 'द बॉय प्लेज', 'द बॉइज प्ले'. त्याला म्हटलं, एस एकच आहे, एकाकडे गेला की दुसऱ्याला नाही. 'ही डझंट प्ले'मध्ये तो 'डू'ने पळवला, म्हणून 'प्ले' कोरडा. ('चिल्ड्रन'ला एस नाहीच, म्हणून 'चिल्ड्रन प्लेज' करू नका.) भूतकाळात ही कटकट फक्त 'वॉज' आणि 'वर'पुरती. समोर एकच माणूस असला तरी 'यू'बरोबर 'आर' आणि 'वर'च.

आता तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण चुका इथेच जास्त होतात. 'मी सहमत आहे' मनात धरून मुलं 'आय ॲम अ‍ॅग्री' लिहितात. 'अ‍ॅग्री' स्वतःच क्रियापद आहे. नुसतं 'आय अ‍ॅग्री' पुरे. 'मला भूक लागली'चं उलट: तिथे विशेषण येतं आणि 'ॲम' लागतोच, 'आय ॲम हंग्री'. 'मला कंटाळा आला' हेही त्याच जातीचं. कॉलेजात असताना मी एका तासाला उठून सरांना 'आय ॲम बोरिंग' म्हणाले होते. सर म्हणाले, "असं स्वतःबद्दल बोलू नये." 'बोरिंग' म्हणजे कंटाळवाणी; हवं होतं 'बोअर्ड', म्हणजे कंटाळलेली.