वडील गेले, वर्कशॉप चालू आहे; जीएसटी नंबर कुणाचा?

घरचा कर्ता गेला की धंदेवाल्या घरातून माझ्याकडे हमखास येणारा प्रश्न हा: ‘नंबर तोच ठेवला तर चालत नाही का?’ पाटी तीच, मशीन त्याच, गिऱ्हाईक तेच, मग कागद कशाला बदलायचे? एका प्रकरणात हा प्रश्न जरा जास्तच गुंतला होता. ओळख पटेल असे तपशील बदलून ते इथे सांगतो.

मुलगा तिशीच्या आतला, पुण्यात तीन वर्षं नोकरी. वडिलांचं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं वर्कशॉप, हायड्रॉलिकचे सुटे भाग बनवायचे. ऑगस्टमध्ये वडील अचानक गेले आणि हा नोकरी सोडून बेळगावातच राहिला. आल्या आल्या त्यानं बिलबुक टेबलावर ठेवलं. वर वडिलांचं नाव आणि नंबर, खाली सही याची, तारीख तेराव्यानंतरची. माल शिनोळीच्या कारखान्याला गेलेला.

“बाबांचा नंबर चालू आहे की सर. बिलं जातायत, पैसे येतायत.”

नंबर चालू दिसतो, पण ज्याचा तो नंबर, तो माणूस नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात कायदा दुकान वेगळं आणि मालक वेगळा असं मानत नाही. जीएसटी नोंदणी मालकाच्या पॅनला बांधलेली असते. मुलगा वारस झाला तरी वडिलांचं पॅन काही त्याचं होत नाही.

त्याचं नशीब एवढंच, की तीस दिवस उलटायच्या आत तो आला. तेवढ्या मुदतीत अर्ज केला तर नवी नोंदणी वारस ज्या दिवशी धंद्याचा धनी झाला त्या दिवसापासून लागू होते, आणि मधल्या बिलांच्या जागी सुधारित बिलं देता येतात. शिनोळीच्या कारखान्याला हे हवंच होतं, नाहीतर त्यांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकलं असतं. शिवाय शिनोळी इथून हाकेच्या अंतरावर असली तरी महाराष्ट्रात. माल तिथे पोचवला की बिलात आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा कर. यानं सवयीनं राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी लावला होता. सीमाभागात ही चूक फार होते. गाव शेजारचं, भाषा तीच. परराज्य आहे हे लक्षात कुणाच्या राहतंय?

क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी मुलाच्या नावावर नवी नोंदणी, अर्जात कारण ‘मालकाचा मृत्यू’. मग आयटीसी-02 हा फॉर्म भरून वडिलांच्या खात्यात शिल्लक असलेलं क्रेडिट मुलाच्या खात्यात घ्यायचं. वडिलांचा नंबर रद्द करायचा तो सगळ्यात शेवटी. बरेच जण घाईनं नंबर आधी बंद करतात आणि मग क्रेडिट शोधत बसतात. वडिलांचं सिमही बंद करू नका. ओटीपी त्यावरच येतो. अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन मोबाईल नंबर बदलून मिळेपर्यंत ते जिवंत ठेवा.

“बाबांची काही थकबाकी निघाली तर माझ्या अंगावर येणार का?” हे त्यानं जरा खालच्या आवाजात विचारलं. उत्तर दोन्ही करांना सारखं नाही. वडिलांचा आयकर थकला असेल तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या इस्टेटीपुरतीच. जीएसटीत मात्र वारसानं धंदा पुढे चालवला की जुनी देणीही त्याच्याकडे येतात. म्हणून पुढचं काही करण्याआधी आम्ही वडिलांचे जुने रिटर्न आणि नोटिसा उघडून पाहिल्या. जुलैचं 3बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरायचं राहिलं होतं, एवढंच.

आईची आणि गडहिंग्लजला दिलेल्या बहिणीची संमती घ्यायला सांगितलं, तर म्हणाला, “आक्काचं लग्न झालंय की.” लग्न झालं म्हणून वाटा जात नाही, मृत्यूपत्र नसेल तर आई, बहीण आणि हा, तिघेही सारखेच वारस. मग कागदांची मिळवामिळव. मृत्यूचा दाखला कन्नडमध्ये, बहिणीचं आधार मराठीत, पॅन इंग्रजीत, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं. आमच्या भागात कर भरण्यापेक्षा जास्त वेळ यातच जातो.

आयकरात त्या वर्षाचे दोन रिटर्न झाले. 1 एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न वडिलांचं. ते रिटर्न मुलानं पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद करून भरायचं. त्यानंतरचा नफा मुलाचा, आणि त्यात पुण्याचा पगार मिळवायचा. पगारदाराला अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे हप्त्यांनी आगाऊ भरायचा आयकर, ठाऊकच नसतो, कंपनी कापून घेते. आता 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च या तारखा त्यालाच सांभाळायच्या होत्या.

भांडवलासाठी तो पीएफ काढणार होता. सलग पाच वर्षं नोकरी झालेली नसताना काढलेला पीएफ करपात्र असतो, आणि तो नेमका पगार व नफा एकत्र येणाऱ्या वर्षातच पडला असता. थांबायला सांगितलं.

कुणीतरी त्याला ‘बायकोच्या नावावर रजिस्ट्रेशन कर, कर वाचेल’ असंही सांगितलं होतं. बायकोला पैसे दिले तर त्या भेटीवर कर नाही हे खरं; पण त्या पैशातून होणारं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. आईबरोबर भागीदारी? भागीदारी फर्मला सरसकट 30 टक्के कर. एकट्याला नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य, मग या आकाराच्या वर्कशॉपला फर्म हवी कशाला?

बेळगावातल्याच शहापुरातल्या घराचं काय, हा त्याचा शेवटचा प्रश्न. वारशानं घर मिळाल्यावर कर नाही. विकलं तर भांडवली नफ्यावर आहे. तो मोजताना खरेदीची किंमत मूळ विकत घेणाऱ्याची धरतात. हे घर आजोबांनी 2001च्या कितीतरी आधी घेतलेलं, म्हणून 1 एप्रिल 2001ची बाजारभावाची किंमत धरता येते, तेव्हाच्या मुद्रांक मूल्याच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं धरलेल्या किमतीच्या, मर्यादेत. विकायचा विचार आता नाही म्हणाला. तरी आजोबांचं खरेदीखत शोधून ठेवायला सांगितलं आहे.