काखेतल्या गाठी काढल्यावर आईचा हात वर जात नाही. ती कापूस वेचायला कधी जाऊ शकेल?

भाऊ, तुम्ही पुण्यात आणि आई वणीकडच्या गावात. तीन आठवड्यांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता हात खांद्याच्या वर जात नाही, दंड बधिर आहे, आणि रोज फोनवर एकच प्रश्न: वेचणीला कधी जाऊ? मी यवतमाळ जिल्ह्यातलीच, अंगणवाडी सेविका. चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात माझ्या उजव्या काखेतून १७ गाठी काढल्या. डॉक्टर नाही मी, पण हा हात चार वर्षं वागवते आहे.

आधी माझी चूक सांगते, कारण तुमची आई बहुतेक तीच करत असेल. घरी आल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "हात हालवू नको व बाई, टाके तुटतीन." मलाही तेच पटलं. प्लास्टर घातल्यासारखा हात छातीशी धरून तीन आठवडे बसले. झोपायचे तशीच, पोळी जाऊबाई लाटायच्या, वेणी मुलगी घालायची. पुढे शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, मापासाठी बोलावलं. तिथे टेबलावर उताणं झोपवतात आणि हात डोक्याच्या वर न्यायला लावतात, म्हणजे छातीवर किरण देताना दंड मध्ये येत नाही. माझा हात जेमतेम खांद्यापर्यंत आला. तिथल्या डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दोन आठवडे व्यायाम करा आणि या. परतीच्या एसटीत मी रडले, कारण उपचार दोन आठवडे लांबला तो माझ्याच हाताने. तेव्हा आईला शेक सांगितला असेल, तर हात वर जाणं वेचणीच्या आधी त्यासाठी लागणार आहे.

ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, निघाला का, ते तुम्ही लिहिलं नाही. नळी असताना मूठ उघडझाप, कोपर वाकवणं, खांदे उचलून सोडणं एवढं चालतं, पण हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मी जुन्या ब्लाऊजची पिशवी शिवून ड्रेनचा डबा गळ्यात अडकवला होता आणि रोज सकाळी किती मिली पाणी आलं ते वहीत लिहायचे. दिवसाला ३० मिलीच्या खाली आल्यावर १४व्या दिवशी काढला. नंतर काखेत पुन्हा पाणी साचलं, लिंबू दाबून ठेवल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी दोनदा सुईने ओढून घेतलं. तसं झालं तर घरी दाबायचं, शेकायचं किंवा लेप लावायचा नाही.

नळी निघाली असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चालवायची. जिथे ताण बसेल तिथे थांबून पाच श्वास घ्यायचे. पोचलेल्या जागेवर मी कोळशाने रेघ मारायचे, खाली तारीख. दिवसातून तीनदा. ताण हवा, पण डोळ्यांतून पाणी येईल इतकं दुखवायचं नाही. पहिली रेघ माझ्या हनुवटीएवढी होती, पंधराव्या दिवशीची चौकटीच्या वर. त्या भिंतीला अजून चुना लावू दिला नाही मी. स्वतःची वेणी स्वतः घालणं हाही व्यायामच, तो आईला सांगा. एकदा तरी फिजिओथेरपिस्टला दाखवा. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला सोय आहे.

बधिरपणाचं म्हणाल तर काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक बारीक नस गाठी काढताना दुखावते किंवा तुटते. थोडं परत येतं, थोडं कायमचं जातं. मला आजही तिथे चिमटा काढला तर कळत नाही. म्हणून अंघोळीचं पाणी दुसऱ्या हाताने बघायचं आणि चुलीपाशी जपायचं. मला एकदा तव्याचा चटका बसला तो करपल्याच्या वासाने कळला.

आणखी एका गोष्टीने आई घाबरेल, म्हणून आधीच सांगून ठेवा. हात लांब केला की काखेतून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली तार ताणल्यासारखी दोरी उठते. मला वाटलं रोग हातात उतरला. तो रोग नाही. गाठी काढल्यावर बऱ्याच बायकांना काही आठवड्यांत हे होतं आणि ताण देत राहिलं की हळूहळू जातं. माझं दोन महिन्यांत गेलं. भीतीने हात मिटून घेतला तर मात्र आणखी आखडतो.

सूज वेगळी. काखेतल्या गाठींतून हाताचं पाणी वर जातं. गाठी गेल्या की वाट अरुंद होते आणि काहींचा हात सुजतो. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या असतील तर साधारण पाचातल्या एकीला, एकदोनच तपासायला काढल्या असतील तर फार कमी जणींना. म्हणून डिस्चार्ज कार्डावर किती गाठी काढल्या ते वाचा. सूज पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त येते, पण पुढेही येऊ शकते. माझी खूण म्हणजे बांगडी: एरवी सहज फिरणारी काचेची बांगडी मनगटावर रुतायला लागली की समजायचं. शिवाय टेलरची टेप घेऊन महिन्यातून एकदा दोन्ही हात त्याच त्याच जागी मोजायचे. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दाखवायचं. लवकर गेलं तर दवाखान्यातून मिळणारी तंग बाही (कम्प्रेशन स्लीव्ह) आणि मालिश यावर आटोक्यात राहते.

हात लाल झाला, गरम लागला, वर ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना, अँटिबायोटिक लागतं. गावातल्या डॉक्टरला सांगून ठेवा की सलाईन, इंजेक्शन, बीपी दुसऱ्या हाताला. यामागचा पुरावा कच्चा आहे असं हल्लीचे डॉक्टर म्हणतात. असेल, पण दुसरा हात मोकळा असताना याच हाताला कशाला टोचायचं?

आता वेचणी. यंदाचे पहिले वेचे विसरा. सीतादहीला, म्हणजे वेचणी सुरू करतानाच्या पूजेला, वावरात जाऊ द्या, दहीभात ठेवू द्या, बांधावर बसून बायांना "झाडाखालचा सोडू नका" म्हणू द्या. नाहीतर ती घरात झुरेल. शेकाने सोलवटलेली माझी कातडी बरी होऊन मी फेब्रुवारीत शेवटच्या वेच्याला गेले, तेही सकाळचे दोन तास. वजनापेक्षा मला भीती होती वाळलेल्या बोंडाच्या टोकांची. एरवी त्या ओरखड्यांकडे कोण बघतं? पण या हाताला तेवढ्यातून लागण होते. नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर आपण घालतोच, त्यात सुती हातमोजे घातले. ओरखडा दिसला की साबण-पाणी आणि मलम. कापसाचं गाठोडं मात्र त्या वर्षी डोक्यावर घेतलं नाही, बैलबंडीपर्यंत पोराने नेलं. फवारणीचा पंप अजूनही पाठीला लावत नाही, पट्टा नेमका त्याच खांद्यावर येतो.

पाच किलोच्या वर जन्मभर उचलायचं नाही, असं तिला कोणीतरी सांगेल. ते जुनं झालं. थोडं थोडं वाढवत नेलं तर हात उलट मजबूत होतो. मी आधी तांब्या, मग अर्धी कळशी, सहा महिन्यांनी पूर्ण भरलेली कळशी उचलली. जड वाटलं, दुसऱ्या दिवशी सूज आली, की एक पायरी मागे.

एक बायकी गोष्ट, पण पोराने वाचायला हरकत नाही. एका बाजूचं पूर्ण काढलं असेल तर ब्लाऊजमध्ये काय घालायचं, हे ती तुम्हाला विचारणार नाही. मी घरच्याच कापसाची सरकी काढून गादी शिवली, पण ती हलकी, वर सरकायची. मग तान्ह्या बाळाची उशी भरतो तशी आत दोन मुठी मोहरी घातली. मापासाठी तुमच्या बहिणीला किंवा मावशीला पाठवा.