विण्याच्या मागे, आपापल्या चालीनं

प्रश्न : माझं वय 54, मैत्रिणीचं 56. कॉलेजपासूनची मैत्री. यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालायचं ठरवलंय. दिंडीत नावं दिली, भिशीही (जेवण-मुक्कामाची वर्गणी) भरली. पण सकाळी सरावाला निघालो की ती झपाझप पुढे जाते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर माझी वाट बघत उभी राहते. बोलत काही नाही, पण चेहऱ्यावर ‘आलीस का एकदाची’ असं स्पष्ट दिसतं. मला अपराधीही वाटतं आणि रागही येतो. जवळजवळ तीन आठवडे हे कसं निभवायचं? का बरोबर जाऊच नये?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जा की! पण एक आधीच सांगते, मी तुमच्या मैत्रिणीच्या जातीची. पुढे जाऊन वाट बघणारी.

मैत्रिणीबरोबर माझ्या सहा वाऱ्या झाल्या. पहिल्या वारीत सासवडला पोचलो तेव्हा आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. पुणे ते सासवड हा सगळ्यात मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. त्यात दिवेघाट. त्यात बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी, म्हणजे पोटाला साबुदाण्याची खिचडी आणि केळी. घाटात मी भराभर चढायची, वळणावर बसायची, पाणी प्यायची, वारा खायची. ती धापा टाकत पोचली की मी पदर झटकून उठायची, ‘चल’. मला वाटत होतं, मी किती समजूतदार, थांबते तरी! माझा विसावा झालेला असायचा, तिचा सुरूच व्हायचा नाही, हे डोक्यात शिरलं नाही. तिसऱ्या का चौथ्या वळणावर ती कठड्याला टेकली. चपलेचा अंगठा तुटलेला, ती चपल हातात. म्हणाली, “तू जा गं पुढं. तू वाट बघतेस ना, म्हणून मला दम खाता येत नाही.”

मी रागानं गेलेच पुढे. पण तिचं बरोबर होतं.

तेव्हा मैत्रिणीला एवढंच सांगा : माझ्यासाठी थांबू नकोस. दिंडीत त्याची गरजही नसते. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, मग वीणा आणि विण्याच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या आपण बायका. चाल दिंडीची असते, तुमची नाही की तिची नाही. अभंगाच्या ठेक्यावर पाय पडायला लागले की झपाझप चालणारीलाही आवर बसतो. तरी मागे पडलातच, तर मागून दुसरी दिंडी येतेच, तिच्यात चालायचं. फक्त आपल्या दिंडीचा क्रमांक, ती पालखीच्या रथापुढची की रथामागची, आणि त्या रात्री तंबू कुठे, हे कागदावर लिहून कनवटीला ठेवा. फोनच्या भरवशावर राहू नका, त्या गर्दीत तो लागत नाही. दोघींनी भेटायचं दुपारच्या जेवणाला आणि रात्री तंबूत. मधला दिवस जिचा तिला. आम्ही हे सुरू केल्यापासून आम्हाला रात्री बोलायला विषय मिळायला लागले. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा घोडा धावतो ते, तिनं रस्त्याच्या एका अंगानं पाहिलं, मी दुसऱ्या. तारडगावच्या मुक्कामी घोडा कुणाला जास्त जवळून दिसला यावर तासभर वाद.

सरावही वेगवेगळा करा. आठवड्यातून एकदाच दोघी निघा आणि त्या दिवशी तुम्ही पुढे, ती मागे. तिला तुमच्या टाचांकडे बघत चालू दे जरा. गुडघ्याचं काही दुखणं असेल तर डॉक्टरांना आत्ताच दाखवा. नवे बूट निघायच्या दिवशी घालू नका. नीरा ओलांडेपर्यंत पायाला फोड आणतात.

आता रागाचं. मुक्कामी पोचल्यावर समाजआरती होते, ती चुकवू नका. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सगळं शांत. हरवल्या-सापडल्याचं सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत तिचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आमच्या दोघींचा अबोला चालू होता, त्यामुळे ते जरा जास्तच लागलं.

दुसऱ्या वारीपासून आम्ही ते उचललं. पथारी पसरल्यावर जिची तक्रार असेल तिनं टाळ वाजवायचे, आणि दुसरीनं मध्ये न बोलता ऐकून घ्यायचं. नातेपुत्याला तिनं वाजवले : मी न विचारता तिची पिशवी ट्रकमध्ये टाकली होती आणि गुडघ्याचा पट्टा नेमका त्यात होता, दिवसभर ती तशीच चालली. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पिशवीला हात लावला नाही.

वेळापूरला मी वाजवले, तिच्या घोरण्याबद्दल. तिनंही शांतपणे ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत घोरायला लागली.