बायोगॅस, खत, कार्बन डायऑक्साइड असं सगळं विकून प्लँट खरंच परवडतो का?

परवडतो, पण आधी गॅस, मग कार्बन डायऑक्साइड आणि शेवटी 'उरलेलं खत', असा हिशेब मांडलात तर नाही परवडणार. मी आणि दादाने मिळून चार वर्षं शेणावरचा प्लँट चालवलाय म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

दादाची एक्सेल शीट मला अजून पाठ आहे. वर गॅसचे पैसे, खाली स्लरीचे, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणाऱ्या पातळ शेणखताचे पैसे, तीही रोजच्या रोज सगळी खपणार असं धरून, आणि वाहतुकीच्या रकान्यात शून्य, कारण शेतकरी स्वतः येऊन नेतील. मी तेव्हाच म्हणालो होतो की दादा, वजनाचा हिशेब कर. रोज 10 टन शेण, त्यात तेवढंच पाणी, म्हणजे 20 टन आत. टनभर शेणाला साधारण 40 घनमीटर धरले तर 400 घनमीटर बायोगॅस, त्यात मिथेन, म्हणजे जळणारा भाग, 55 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शुद्ध करून विकायला 150 किलोच्या आगेमागे. अख्ख्या बायोगॅसचं वजनच जेमतेम अर्धा टन. बाकीचे 19.5 टन बाहेर येणारच, आणि रोज येणार. दादा म्हणाला, तू फार बारीक बघतोस.

पहिल्याच पावसाळ्यात शेतात पिकं उभी, टँकर आत जाईना, आणि स्लरी साठवायची आमची टाकी दोन महिन्यांचीच. एक दिवस सकाळी बघतो तर स्लरी कठड्याच्या वीतभर खाली, वर साय धरल्यासारखा थर आणि त्यातून बुडबुडे येतायत. ते बुडबुडे म्हणजे आपलाच मिथेन, जो आपण विकायला हवा होता, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो. टाकी झाकायला दादाने खर्च नको म्हणून नकार दिलेला. मग काय, शेण टाकणं निम्म्यावर आणलं, गॅस पडला, ठरलेला माल देता येईना, हप्ता मात्र तेवढाच. शेण दारात पडून होतं, तरी स्लरी ठेवायला जागा नाही म्हणून आमचा गॅस कमी पडला हे नीट लक्षात घ्या.

नंतर स्क्रू प्रेस आणला, म्हणजे स्लरी पिळून घट्ट आणि पातळ भाग वेगळे करणारं यंत्र. घट्ट भाग वाळवून विकला जातो, चांगला जातो, पण पोटॅश आणि अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन बराचसा पातळ पाण्यातच राहतो, म्हणजे खतातला मोठा दम परत त्याच जड पाण्यात, जे लांब न्यायला परवडत नाही.

गॅस शुद्ध करताना वेगळ्या होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं विचाराल तर जवळ कायमचा गिऱ्हाईक असेल तरच, कारण तो साफ करून द्रवरूप करायचं मशीन छोट्या प्लँटला झेपत नाही.

आधी पातळ स्लरी बारा महिने कोण घेणार ते लेखी घ्या, टाकी मोठी आणि झाकलेली बांधा, मग गॅसचं बोला. आमच्या हिशेबावरून सगळ्यांचं ठरवू नका हेही सांगतो. कचरा घेण्याचेच पैसे मिळत असतील किंवा गॅस स्वतःच्याच भट्टीत जाऊन दुसरं इंधन वाचत असेल तर गणित बरंच बदलतं.

दादा अजून म्हणतो, प्लँट मोठा केला असता तर चाललं असतं. गॅस शुद्ध करायचा खर्च किलोमागे उतरला असता, हे त्याचं बरोबर आहे. पण दहापट प्लँट म्हणजे रोजची 195 टन स्लरी, आणि जवळची शेतं तेवढीच, टँकरला दरवेळी आणखी लांब जावं लागलं असतं, हे मी त्याला इतक्या वेळा सांगितलंय आणि त्याच्या शीटमध्ये तो रकाना आजही शून्यच आहे.